दीड किलोचा छंद

दीड किलो हे काही वजन नव्हे. दीड किलो वांगी आणताना कुणाचा खांदा निखळल्याचं ऐकिवात नाही. पण तीच वांगी साडेतीन फुटी दांड्याच्या एका टोकाला बांधावीत, दुसरं टोक मुठीत धरावं आणि भाट्याच्या पुळणीवर तो दांडा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, वाळूपासून बरोब्बर दोन बोटं वर राखत अर्धा तास फिरवावा. खांद्यापासून करंगळीपर्यंत आपल्याला किती शिरा आहेत, हे मग शरीरशास्त्राचं पुस्तक न उघडता सांगता येतं.

माझ्या बाबतीत वांग्यांच्या जागी मेटल डिटेक्टर आहे. तो आला मेव्हण्याकडून. मेव्हणा न्यू जर्सीला असतो. तिथले निवृत्त लोक म्हणे सकाळी उठून समुद्रावर जातात आणि कानाला हेडफोन लावून वाळूत हरवलेली नाणी, अंगठ्या शोधतात. मेव्हण्यानं नवं यंत्र घेतलं आणि जुनं 'भावोजींना विरंगुळा' म्हणून रत्नागिरीला आणून दिलं. जी वस्तू टाकून द्यायला तिकडे पैसे पडतात ती इकडे भेट होते, हा परदेशस्थ नातेवाइकांचा जुना शिरस्ता आहे. विमानतळावर तपासणीवाल्यांनी बॅग उघडायला लावली तेव्हाचं संभाषण तो अजून रंगवून सांगतो.

"हे काय आहे?"

"मेटल डिटेक्टर."

"कशासाठी?"

"धातू शोधायला."

"मग आम्ही इथं काय करतोय?"

यंत्र आल्यावर थोड्याच दिवसांत कोपर बोलायला लागलं. डॉक्टरांनी हात वाकवून, पिळून, मी कुठे ओरडतो ते नीट पाहिलं.

"टेनिस खेळता?"

"नाही."

"टेनिस एल्बो झालाय. घरी काही जड उचलता का?"

"घरी हे काहीही उचलत नाहीत," हे उत्तर माझ्याऐवजी हिनं दिलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

यंत्र सोडायचं नसेल तर ते हलकं करायचं, एवढाच मार्ग उरला. आणि एकदा उघडायचंच आहे तर त्याच खर्चात वॉटरप्रूफही करून घ्यावं, असं मनात आलं. 'त्याच खर्चात' या दोन शब्दांनी मराठी मध्यमवर्गाची जितकी घरं पाडून बांधली आहेत तितकी बिल्डरांनीसुद्धा बांधली नसतील.

वॉटरप्रूफचं कारण असं. कोरड्या वाळूत माणसं बसतात, लोळतात आणि खिशातली चिल्लर सांडतात. सोनं मात्र पाण्यात पडतं. पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी सैल होते आणि लाटेबरोबर जाते. हे ज्ञान मेव्हण्याचं. आता या यंत्राची खालची तबकडी, म्हणजे कॉइल, पाण्यात बुडवली तरी चालते. पण वरचा डबा, ज्यात सगळी बुद्धी भरलेली आहे, त्याला शिंतोडाही सोसत नाही. म्हणजे पाण्यात जायचं, पण घोट्यापर्यंतच. आणि घोटाभर पाण्यात कोणाची अंगठी पडते? पडलीच तर तो वाकून उचलतो.

कोरड्या वाळूत मला काय काय सापडलं, ते सांगून टाकतो. बाटल्यांची बुचं, होडीचे गंजके खिळे, सेफ्टी पिना, छत्रीच्या काड्या. आणि नाणी. या यंत्राला लोखंड ओळखून गप्प बसण्याची सोय असते, म्हणजे खिळ्यापायी खड्डे खणावे लागत नाहीत. सोय उत्तम, फक्त आपला रुपया हल्ली लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा असतो. तेव्हा रुपयावरून कॉइल फिरवली की हे अमेरिकन यंत्र त्याला भंगार समजून पुढे जातं. रुपयाची परदेशात काय पत आहे ते वर्तमानपत्रात वाचलं होतं. भाट्याच्या पुळणीवर प्रत्यक्ष ऐकलं. दहाचं दोन धातूंचं नाणं असलं तर मात्र यंत्र अदबीनं वाजतं.

त्यातही एक मेख आहे. आपल्याकडे 1878 चा निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं असतं. 1878 साली दहा रुपये म्हणजे काय चीज होती! रकमेला मात्र तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. म्हणजे माझ्या हिशेबानं दहाचं एक नाणं सापडलं तर मी निर्दोष, पण त्याच खड्ड्यात खाली एक रुपया निघाला तर अकरा होतात आणि मला अर्ज लिहायला बसावं लागतं. कायदा जाणणाऱ्या एका स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, "सांडलेली चिल्लर म्हणजे निधी नव्हे." मग थोडं थांबून म्हणाले, "पण रुपया यंत्राला दिसत नाही, हे बरंच आहे."

गावाची अपेक्षा अर्थात चिल्लरीची नव्हतीच. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1916 मध्ये तो इथंच गेला. त्याच्या हरवलेल्या माणकाची गोष्ट इथल्या प्रत्येक पानाच्या ठेल्यावर फुकट मिळते. मी यंत्र घेऊन निघालो की कोणीतरी विचारणारच, "काय, थिबाचा खडा मिळाला का?" माणिक हा धातू नाही, यंत्राला तो दिसणार नाही, हे मी सुरुवातीला समजावून सांगत असे. "म्हणजे मिळालाय," असं म्हणून लोक डोळा मारत.

तर, यंत्र हलकं करायचं. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कंपूत भौतिकशास्त्राचे एक निवृत्त मास्तर आहेत. ते कशालाही हात लावत नाहीत, पण कशाचंही कारण सांगतात.

"तुमचं यंत्र जड नाहीच," मास्तर म्हणाले. "ते लांब आहे. कोपराशी असलेल्या किलोनं काही बिघडत नाही. टोकाला असलेलं शंभर ग्रॅम तुमचा जीव खातंय. तरफ! आठवीत शिकवलं होतं."

मी आठवी त्यांच्याकडे केली नव्हती, पण त्यांच्या आवाजात असं काही असतं की माणूस मुकाट्यानं मान खाली घालतो.

टोकाची कॉइल हलकी करता येईल का, हे विचारायला मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. बोअरच्या पंपापासून मिक्सरपर्यंत जे जे जळतं ते ते त्याच्याकडे येतं. त्यानं तबकडी हातात घेतली, वास घेतला (हे लोक आधी वास घेतात) आणि विचारलं, "किती एचपी?"

"एचपी नाही. यातल्या एका वेटोळ्यातून वीज सोडतात. त्यानं जमिनीतल्या धातूत छोटे प्रवाह फिरायला लागतात आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं."

"म्हणजे ट्रान्सफॉर्मरच की. प्रायमरी, सेकंडरी."

इतक्या थोडक्यात हे मला मेव्हण्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"उघडू नका," तो म्हणाला. "दोन्ही वेटोळी एकमेकांना ऐकू येणार नाहीत अशी बसवलीत. केसभर हलली की कायम बोंबलत बसेल. खालचं झाकण काढा फक्त." तबकडीखालचं प्लास्टिकचं झाकण काढलं, तर त्यात मूठभर वाळू निघाली. इतके दिवस मी समुद्रावरची वाळू समुद्रावरच फिरवून आणत होतो.

दांडा ॲल्युमिनियमचा होता. तो बदलून इलेक्ट्रिशियन वापरतात तो पीव्हीसी पाईप लावला. वजन निम्म्यानं उतरलं. अडचण एवढीच की पाईप लवतो. मी हात डावीकडे नेला की कॉइल थोड्या वेळानं, स्वतःच्या सवडीनं डावीकडे येई. तोवर मी उजवीकडे निघालेला असे. यंत्र वाजलं तर ते कुठं वाजलं, यावर आमचं एकमत होत नसे. मग बांबू लावला. बांबू हलका, ताठ, कोकणात फुकट आणि दिसायला स्वदेशी. वायरीसाठी पेरांतले पडदे फोडले की बांबू आरपार पोकळ होतो, हे त्याचं वैशिष्ट्य पाण्यात गेल्यावर लक्षात आलं. तो खालून भरतो. आणि दांडा वर उचलला की ते सगळं पाणी पेरं ओलांडत, अगदी शिस्तीत, बाहीत येतं. तेव्हा बांबूला जागोजागी भोकं पाडली. भोकं पाडल्यावर वारा सुटला की तो वाजू लागला. भाट्याला वारा नेहमीच सुटलेला असतो. डिटेक्टर वाजतोय की दांडा, हे ओळखायला सरावानं जमतं.

बॅटरी म्हणजे आठ पेन्सिल सेल, साधारण दोनशे ग्रॅम. ते काढून दोन लिथियम सेल घातले आणि सेलांसकट सगळा डबाच दांड्यावरून उतरवून कमरेच्या पट्ट्यावर घेतला. हातात उरला बांबू आणि तबकडी. किती हलकं! दोन बोटांनी धरून मी घरभर फिरवून दाखवलं.

"हातावरचं ओझं गेलं ना?" हिनं विचारलं.

"गेलं."

"कुठं गेलं?"

"कमरेवर."

तिनं माझ्या घसरत चाललेल्या पँटकडे फक्त पाहिलं. पुढच्या आठवड्यात गॅलिस आणले.

चाचणीसाठी घरात जागा शोधणं हे एक वेगळंच प्रकरण झालं. मराठी घरात धातू नाही अशी जागा नसते. स्वयंपाकघर तर विचारूच नका. तिथं यंत्र दारातूनच आक्रोश करतं. झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट आणि लोखंडी कॉट. कॉटवर यंत्र ठेवलं आणि मला एकदम ग्रॅहम बेल आठवला. 1881 च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठं रुतली ते डॉक्टरांना सापडेना, तेव्हा टेलिफोनवाला बेल स्वतः बनवलेलं असलंच एक यंत्र घेऊन व्हाइट हाउसमध्ये गेला होता. यंत्र कुठंही धरलं तरी आवाज. गादीखाली स्टीलच्या स्प्रिंगा होत्या! गोळी काही सापडली नाही, आणि सप्टेंबरात अध्यक्ष गेले. ही हकिगत मी हिला मोठ्या उत्साहानं सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे हे यंत्र पहिल्यापासून असंच आहे तर."

अंगणात जावं तर घर जांभ्याचं, गडगा जांभ्याचा, पाखाडी जांभ्याची. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाचाच, त्यामुळे अंगणात यंत्र कुठंही फिरवलं तरी ते कुरकुरत राहतं. मांडवीला काळ्या समुद्रावर गेलो तर तिथली वाळू काळी ती इल्मेनाइटमुळे, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. तिथं यंत्र चालू केलं की बंद करेपर्यंत थांबत नाही. आणि ओल्या वाळूत तर खारं पाणीच वीज वाहून नेतं, तेव्हा लाटेलासुद्धा ते धातू समजतं. एकूण हिशेब केला तर रत्नागिरीत हे यंत्र ज्याला वाजत नाही अशा दोनच गोष्टी: पांढऱ्या समुद्रावरची कोरडी वाळू आणि रुपया.

आता डबा वॉटरप्रूफ करायचा. शरीराला नऊ दारं असतात, असं कीर्तनकार सांगतात. या डब्याला त्याहून जास्त निघाली. आवाजाच्या दोन खुंट्या, लोखंड ओळखायची एक, बटण, हेडफोनचं भोक, स्पीकरची जाळी, पडदा, बॅटरीचं दार, कॉइलची वायर, स्क्रूची भोकं. एकेक दार बुजवायला घेतलं. जाड प्लास्टिकचा झाकणबंद डबा आणला, झाकणाला रबरी रिंग बसवली, वायरीसाठी बोअरच्या पंपाला लावतात तसली ग्लँड लावली. खुंट्यांभोवती रेझिन ओतायचं ठरलं. रिवाइंडिंगवाल्यानं दोन डबे दिले आणि बजावलं, "थोडं थोडं कालवा. एकदम कालवलंत तर तापतं."

किती तापतं हे त्यानं सांगितलं नव्हतं. मगभर रेझिनमध्ये हार्डनर टाकून ढवळलं आणि फोन आला म्हणून आत गेलो. मेव्हण्याचाच होता. अमेरिकेतल्या हवामानाविषयी बोलून परत येतो तो मग कमरेत वाकलेला, त्यातून धूर येतोय आणि ओटीवर एक पारदर्शक वडी तयार झालेली. ती अजून तिथंच आहे. तिच्यात एक मुंगी, एक चमचा आणि वर्तमानपत्राचा तुकडा कायमचे जतन झाले आहेत. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर राशिभविष्य आहे.

दुसऱ्या खेपेचं रेझिन जागेवर बसलं. फार छान बसलं. आवाजाची खुंटीसुद्धा छान बसली, पूर्ण आवाजावर. स्पीकरची जाळी बुजवल्यामुळे आवाज बाहेर यायचा तो डब्याला हादरे देत, आणि डबा होता माझ्या पोटावर, सदऱ्याच्या आत. पहिल्यांदा समुद्रावर गेलो तेव्हा भेळेच्या गाडीपाशी मी उभा असताना पोटातून जो आवाज आला, त्यावर भेळवाल्यानं सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं आणि न विचारता माझ्या भेळेतली मिरची कमी केली.

पाणी आत शिरतं का, हे बघायला डबा बादलीत बुडवून ठेवला. रात्रभर बुडबुडा नाही. आत ठेवलेला कागद कोरडा ठणठणीत. शिवाय घरातल्या सगळ्या बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गोळा करून आत कोंबल्या होत्या. पण समुद्रात एक बुडी आणि कागद ओला. मास्तर दिव्यदृष्टी झाल्यासारखे म्हणाले, "बादली सावलीत होती ना? इथं तुम्ही डबा तासभर उन्हात घेऊन फिरलात. आतली हवा तापली आणि जागा मिळेल तिथून थोडी बाहेर गेली. पाण्यात गेल्यावर ती गार होऊन आकसली. मग डबा पाणी ओढून घेणारच. पाणी आत गेलं नाही, तुमच्या डब्यानं ते प्यायलं."

"उपाय?"

"डबा गार ठेवायचा."

म्हणून त्यानंतर मी समुद्रावर जाताना डबा ओल्या पंचात गुंडाळून नेऊ लागलो. वॉटरप्रूफ वस्तू ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याकडे नेणारा माणूस रस्त्यानं दिसला की रिक्षावाले वेग कमी करतात.

याच सुमारास मेव्हण्याचा निरोप आला. त्यानं लिहिलं होतं, "भावोजी, एवढा खटाटोप कशाला? टेक्सासच्या गॅरेट कंपनीचं एटी प्रो घ्या. दहा फूट पाण्यात चालतं, वजन दीड किलोच्या आत." मी कळवलं की युझेफ कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्यानं स्कॉटलंडमध्ये बसून जे सुरुंगशोधक यंत्र तयार केलं, त्याचं वजन 14 किलोच्या आसपास होतं. 1942 मध्ये एल अलामेनच्या लढाईत तसली 500 यंत्रं वाळवंटात वापरली गेली. त्या शिपायांनी काही मेव्हण्याकडे नवं मॉडेल मागितलं नव्हतं. त्यावर त्यानं एक अंगठा पाठवला. अमेरिकेत वाद संपवायची ही पद्धत आहे.

आणि मग तो सुदिन उगवला. डबा बंद, यंत्र हलकं, पाणी शिरत नाही, पँट गॅलिसवर. ओहोटीला मी भाट्याला कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. तबकडी तळाशी न्यायला गेलो, तर ती वर येते. खाली दाबली, वर येते. हात काढला तर शांतपणे पृष्ठभागावर पसरून लाटेबरोबर किनाऱ्याकडे निघाली. कमरेचा डबाही पट्ट्यातून सुटून माझ्या छातीशी येऊन हनुवटीला ढुसण्या देऊ लागला. यंत्र तरंगत होतं!

"आर्किमिडीज," काठावरून मास्तर ओरडले. त्यांनी पँट घोट्यापर्यंत दुमडली होती. तेवढीच त्यांची प्रयोगशाळा. "डबा लिटरभर पाणी सारतोय आणि तुम्ही सगळं मिळून वजन ठेवलंय सहाशे ग्रॅम. उरलेलं चारशे तुम्हाला वर ढकलणार. वजन घाला!"

इतके महिने एकेक ग्रॅम सोलून काढलेल्या माणसाला उघड्या समुद्रावर 'वजन घाला' असं ओरडून सांगणं, यासारखा निर्दयपणा नाही. पण पर्याय नव्हता. मिरकरवाड्यात जाऊन जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी आणले, तबकडीवर बांधले. यंत्र चालू केलं आणि ते आनंदानं किंचाळलं, त्याला शिसं सापडलं होतं. स्वतःच्याच अंगावरचं. शिसं काढलं, दगड बांधला. जांभा, कुरकुर सुरू. काळा कातळ, हाही लोखंडवाला, हाही कुरकुरला. पिशवीत वाळू भरली, पण मांडवीची भरल्यामुळे बोलायलाच नको. एका सुज्ञ माणसानं सुचवलं, "बाटलीत पाणी भरून बांधा." मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दुसऱ्या दिवसापासून फिरायला येईनासा झाला. पाण्यात पाण्याला वजन नसतं.

उपाय नातवानं काढला. गोट्या. काचेच्या. धातू नाही, लोखंड नाही, पाण्याच्या अडीचपट जड. त्याच्या डब्यातल्या गोट्या मी मोजून, पावती देऊन घेतल्या आणि मोज्यात भरून तबकडीवर आणि कमरेला बांधल्या. यंत्र निमूटपणे तळाशी गेलं. घरी आल्यावर हिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळं एकदमच ठेवलं. सव्वा किलोच्या वर गोट्याच होत्या.

"आधी किती होतं?" तिनं विचारलं.

काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. मी फडक्यानं बांबू पुसत बसलो.

पाण्यातलं पहिलं मोठं निदान मात्र विसरण्यासारखं नाही. मांडीएवढ्या पाण्यात पोटातून असा काही आवाज आला की भेळवाल्यानं गाडी हलवली. एवढा धातू! इंग्लंडात हॉक्सन नावाच्या गावी 1992 मध्ये एकानं मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधायला यंत्र फिरवलं आणि रोमन काळातली जवळजवळ 15,000 नाणी निघाली. हातोडीही नंतर सापडली आणि तीही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. माझ्या डोळ्यांपुढे ते म्युझियम तरळलं. हातोडीशेजारी माझा बांबू. मी पायानं वाळू उकरली, वाकलो, हाताला काहीतरी वाकडं, जाड, लोखंडी लागलं. ओढलं. हलेना. मास्तरांना हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा ते गुडघ्यापर्यंत पाण्यात आले. दोघांनी मिळून जोर लावला आणि ते सुटलं.

"ओ काका!" मागून कोणीतरी ओरडलं. "नांगर हाय तो आमचा! सोडा, सोडा, होडी चालली!"

होडी खरंच चालली होती. तांडेल पाण्यातून धावत आला, नांगर आमच्या हातून हिसकावून पुन्हा रोवला आणि मग त्यानं आम्हा दोघांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. गॅलिस, मोजे, गोट्या, वाजणारं पोट. त्याच्या तोंडून जे यायचं होतं ते बहुधा वय बघून आलं नाही. त्याची नजर डब्यावर थांबली.

"ह्यात पाणी जात नाय?"

"नाही. रात्रभर बादलीत ठेवला होता."

"आन् बुडत नाय?"

"तोच तर त्रास आहे," मी म्हणालो, आणि आर्किमिडीज सांगायला सुरुवात केली.

"कसला तरास!" तो म्हणाला. "माजा मोबाईल जातो पाण्यात दर मोसमात. असा एक करून द्या. आतलं ते वाजणारं नको."

दिला. मग त्याच्या भावानं मागितला, मग शेजारच्या होडीवाल्यानं. रेझिन मी आता अगदी थोडं थोडं कालवतो आणि त्या वेळात फोन उचलत नाही. ओटीवर डब्यांची रांग असते. हिनं हिशेबाला वही घातली आहे आणि त्यात माझ्या खात्यावर एक चमचा मांडलाय. मास्तर रोज येऊन रबरी रिंगांची तपासणी करतात, हात न लावता. यंत्र माळ्यावर आहे. वारा सुटला की बांबू तिथूनही वाजतो.

परवा एक तांडेल डबा परत घेऊन आला. पाणी शिरलं असणार म्हणून मी रेझिन काढायला उठलो. तर म्हणाला, "तसं नाय, बेस हाय डबा. पण लय हलका. वाऱ्यानं होडीत हिकडनं तिकडं घरंगळतो. वाईच वजन घाला की."

गोट्या शिल्लक आहेत. पण नातवानं भाव वाढवलाय.